नागपुरी सांभारवडी: न फुटणारी, न मऊ पडणारी

विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तेव्हा या वडीचा डोशाबरोबर येणाऱ्या सांबाराशी काही संबंध नाही. बेसनात कालवून, वाफवून, तुकडे पाडून तळतात ती कोथिंबीर वडीही ही नव्हे. सांभारवडी भरलेली असते. बेसनाच्या पातळ पारीला चिंच-मसाल्याचा हात, त्यावर खोबरे, खसखस आणि चारोळी घातलेली भरपूर कोथिंबीर, मग चारी बाजूंनी मिटवून तळण. काही घरांत हिला पुडाची वडी म्हणतात. नागपुरात बाकरवडी मागितली तरी अनेक ठिकाणी हीच समोर येते, पुण्याची कोरडी, टिकाऊ गुंडाळी येत नाही. ताटलीत वडी फोडायची आणि वरून पातळ, गरम कढी ओतायची, ही खायची रीत.

घरी केलेली सांभारवडी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. कोथिंबिरीच्या वजनाचे दहातले नऊ भाग पाणी असते. तळताना त्याची वाफ होते. वाफ कोंडली की पारी फुटते, आणि नाही फुटली तर तीच वाफ पारीला आतून भिजवते व दहा मिनिटांत वडी लिबलिबीत होते. खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीमागे या पाण्याचाच बंदोबस्त आहे. हे लक्षात ठेवून केले तर पहिल्या खेपेलाही वडी जमते.

साहित्य (मध्यम आकाराच्या १५ वड्या)

सारणासाठी: निवडलेली, कोरडी कोथिंबीर २५० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे ५० ग्रॅम, खसखस, पांढरे तीळ आणि चारोळी प्रत्येकी २ मोठे चमचे, हिरव्या मिरच्या ६ ते ८, लसूण १० ते १२ पाकळ्या, आले एक इंच, गोडा किंवा काळा मसाला २ लहान चमचे, हिंग पाव चमचा, साखर १ लहान चमचा, मीठ सव्वा लहान चमचा, तेल २ मोठे चमचे.

पारीसाठी: बेसन २०० ग्रॅम, मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक १०० ग्रॅम, तिखट १ लहान चमचा, हळद अर्धा चमचा, ओवा अर्धा चमचा, मीठ १ लहान चमचा, कडकडीत तेलाचे मोहन ३ मोठे चमचे, पाणी ११० ते १२५ मिलिलिटर.

हात लावायला: चिंचेचा दाट कोळ ३ मोठे चमचे, गूळ १ लहान चमचा, गोडा मसाला १ लहान चमचा, तिखट अर्धा चमचा, तेल १ मोठा चमचा.

तळणासाठी पाऊण लिटर तेल लागेल. ते सगळे संपत नाही, पण कढईत वडी तरंगायला तेवढी खोली हवी.

कोथिंबीर

हा पदार्थ मुळात थंडीचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोथिंबीर स्वस्त असते, पाने गच्च असतात आणि वास भरपूर येतो. पावसाळ्यातली जुडी लुसलुशीत, लांब दांड्यांची आणि चिखलाने भरलेली असते, तिला पाणीही जास्त सुटते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, पाने चिरमुटतात. या दोन्ही ऋतूंत वडी होते, पण चव उतरते.

पाने आणि वरच्या कोवळ्या काड्या घ्या. खालच्या जाड दांड्या काढून ठेवा. त्या सारणात घातल्या तर लाटीतून टोचतात आणि पारीला भोक पाडतात. (फेकू नका, कढीच्या वाटणाला त्या चांगल्या.) परदेशात दुकानात मिळणाऱ्या जुड्यांमध्ये निम्मे वजन दांड्यांचेच निघते, म्हणून २५० ग्रॅम निवडलेल्या पानांसाठी तिथे अर्ध्या किलोच्या आसपास जुड्या घ्याव्या लागतात.

आधी धुवा, मग चिरा. उलट केले की चिरलेल्या कडांमधून पाणी आत जाते आणि वास बाहेर जातो. दोन-तीन पाण्यांतून काढून चाळणीत निथळा, मग सुती पंचावर पातळ पसरून पंख्याखाली ३ ते ४ तास ठेवा. उन्हात नको. रात्री धुऊन सकाळपर्यंत पसरून ठेवली तर सर्वांत उत्तम. पाने किंचित मलूल झाली तरी बिघडत नाही, उलट तेवढे पाणी कमीच झाले. मूठभर कोथिंबीर टिपकागदात दाबून पाहा. कागदाला ओल लागली तर अजून वेळ द्या. ही पायरी घाईत उरकली की पुढे कशानेही भरून निघत नाही.

चिरताना धारदार सुरी किंवा विळी. मिक्सरमध्ये अजिबात नको, तिथे कोथिंबिरीची चटणी होते आणि तिच्यातले पाणी सुटून भांड्याच्या तळाशी जमते. चिरणेही फार बारीक नको. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे पुरेत.

सारण

खोबरे मंद आचेवर बदामी भाजून हाताने चुरा. तीळ तडतडेपर्यंत भाजा. खसखस सर्वांत शेवटी, गरम कढईत गॅस बंद करूनच टाका. ती अर्ध्या मिनिटात फुलते आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जळते, आणि जळलेली खसखस पूर्ण सारण कडू करते. चारोळी घालण्यापूर्वी दोन दाणे चावून पाहाच. तिच्यात तेल भरपूर असल्यामुळे ती लवकर खवट होते, आणि खवट चारोळी लपत नाही. चांगली मिळाली नाही तर शेंगदाण्याचा भरड कूट घाला. चव वेगळी होईल, पण वाईट होणार नाही.

आखाती देशांत किंवा सिंगापुरात राहणाऱ्यांनी खसखस वगळावी. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे तिच्यावर बंदी आहे. भारतातून येताना सामानातूनही नेऊ नका. तिच्या जागी तीळ दुप्पट करा. परदेशी दुकानातला खोबऱ्याचा कीस घेत असाल तर तो बिनसाखरेचा आहे ना, हे पाकिटावर पाहून घ्या.

आता कढईत २ मोठे चमचे तेल तापवून हिंग घाला. मिरची, लसूण, आले यांचे जाडसर वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत, साधारण २ ते ३ मिनिटे परता. वाटताना पाणी घालायचे नाही. खोबरे, तीळ, खसखस, चारोळी, मसाला आणि साखर घालून एकत्र करा, गॅस बंद करा आणि मसाला कोमट होऊ द्या.

कोथिंबीर परतायची की कच्ची घालायची, यावर घराघरांत दोन मते आहेत. परतली तर पाणी उडते आणि वडी फुटायची भीती कमी होते, पण रंग काळपट पडतो आणि सुगंध कढईतच उडून जातो. आमचा कौल कच्च्या कोथिंबिरीला. या वडीचा जीव तिच्या वासात आहे. कोथिंबीर नीट वाळवली असेल तर परतायची गरज पडत नाही.

मीठ मात्र सगळ्यात शेवटी. मीठ लागले की पान पाणी सोडू लागते, आणि १५ ते २० मिनिटांत परातीत ओल दिसते. म्हणून सारण एकदम कालवू नका. कोरडा मसाला, कोथिंबीर आणि मीठ यांचे दोन भाग करा. पहिला भाग कालवून सात-आठ वड्या भरा, त्या संपल्या की दुसरा कालवा. एवढ्या एका सवयीने फुटणाऱ्या वड्यांची संख्या झपाट्याने कमी होते.

तरीही सारण ओले झालेच तर पिळू नका, पाण्याबरोबर मीठ-मसालाही निघून जातो. खमंग भाजलेले बेसन एक-दोन चमचे किंवा थोडे आणखी खोबरे घालून ओल शोषून घ्या.

पारीचे पीठ

बेसनाने चव आणि खुसखुशीतपणा येतो, पण त्यात चिकाटी नसते, म्हणून नुसत्या बेसनाची पारी दुमडताना तडकते. मैदा किंवा कणीक ती चिकाटी देते. दोन भाग बेसन आणि एक भाग मैदा हे प्रमाण बरोबर बसते. मैदा याहून वाढवला की लाटायला सोपे जाते, पण वडी गार झाल्यावर वातड लागते. कणकेने रंग थोडा गडद येतो, चव मात्र आमच्या मते मैद्यापेक्षा चांगली.

सगळी कोरडी पिठे, तिखट, हळद, मीठ आणि चुरलेला ओवा एकत्र करून वर कडकडीत तेल ओता. चमच्याने हलवा, निवल्यावर दोन्ही हातांनी चोळा. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका व्हावा आणि बोटाने टोचल्यावर मोडावा. मुटका होतच नसेल तर अर्धा चमचा तेल आणखी. मोहन जास्त झाले तर वडी तेलात विरघळल्यासारखी सुटते, कमी झाले तर दातांना कडक लागते.

पाणी एकदम ओतू नका. बेसन सुरुवातीला कोरडे वाटते आणि पाच मिनिटांनी सैल पडते. पुरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट मळा आणि झाकून २० मिनिटे ठेवा. तासन्‌तास ठेवलेले पीठ चिकट होते, लाटताना पोळपाटाला धरते. म्हणून सारणाचा मसाला तयार झाल्यावरच पीठ भिजवा.

हात लावायची चटणी अगदी सोपी. दाट कोळ, गूळ, मसाला, तिखट आणि तेल कालवून जॅमइतके घट्ट मिश्रण करा. पातळ झाले तर मंद आचेवर आटवून घ्या. इथेही पाणी नकोच.

भरणे आणि मिटवणे

पिठाचे ३० ग्रॅमचे, म्हणजे मोठ्या लिंबाएवढे गोळे करा. पोळपाटावर तेलाचा थेंब फिरवून लंबगोल लाटा: लांबी १५ सेंटिमीटर, रुंदी १० ते ११. पिठी लावून लाटू नका, ती तळणाच्या तेलात सुटून तळाशी जळते. जाडी सगळीकडे सारखी, पुरीपेक्षा पातळ आणि पापडापेक्षा जाड, दीड ते दोन मिलिमीटर. मधे पातळ आणि कडेला जाड राहिली तर मधे फुटते आणि टोके कच्ची राहतात.

मधल्या भागावर अर्धा चमचा चटणी बोटाने पसरा, पण चारी कडांना दोन सेंटिमीटर जागा कोरडी सोडा. चटणीत तेल आहे. ते कडेला लागले की पारीला पारी चिकटत नाही आणि तळताना नेमकी तिथेच वडी उघडते. फुटलेल्या वड्यांमागे ओल्या कोथिंबिरीखालोखाल हेच कारण असते.

२५ ग्रॅम सारण (दोन भरगच्च मोठे चमचे) मुठीत हलकेच दाबून ८ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद असा पट्टा मधे ठेवा. आपल्याकडची लांब कड सारणावर आणा आणि तळहाताने दाबत हवा पुढे ढकला. अडकलेली हवाही वाफेइतकीच घातक असते. डावे-उजवे टोक आत दुमडा. टोके फार लांब असतील तर आधी सुरीने छाटा, नाहीतर तिथे पारीचे चार-पाच थर साचतात आणि ते आतून कच्चट राहतात. समोरच्या कडेला बोटाने पाण्याचा हात लावा, वडी त्यावर लोटा आणि जोड खाली ठेवून हलक्या हाताने दाबा. तयार वडी साधारण ९ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि दीड जाड होते.

भरलेल्या वड्या ताटात एकमेकींना न टेकवता, जोड खाली, कोरड्या कापडाखाली ठेवा. ओल्या कापडाने पारी चिकट होते. अर्ध्या तासाच्या आत तळायला घ्या. सगळ्या १५ भरून मग गॅस लावण्यापेक्षा एकाने भरावे आणि एकाने तळावे, हे चांगले.

तळणी

तेल १५० ते १६० अंश सेल्सिअस. तापमापक नसेल तर पिठाची चिमूट तेलात टाका. ती तळाशी जाऊन चार-पाच अंक मोजेपर्यंत तिथे राहिली आणि मग बारीक बुडबुड्यांसह सावकाश वर आली, की तेल तयार. टाकल्याबरोबर उसळी मारून वर आली तर तेल फार तापले आहे. गॅस बंद करून दोन मिनिटे थांबा.

एका वेळी चारच वड्या, जोड खाली करून कढईच्या कडेने सोडा. पहिला मिनिटभर झारा लावू नका. पारी अजून मऊ असते, ढवळले की जोड सुटतो. मग वरच्या बाजूवर झाऱ्याने गरम तेल उडवा, दोन मिनिटांनी उलटा आणि मध्यम-मंद आचेवर एकूण ७ ते ८ मिनिटे तळा. बुडबुड्यांकडे लक्ष द्या. सुरुवातीला ते जोरात येतात, कारण पाणी बाहेर पडत असते. ते मंदावले आणि आवाज बारीक झाला की आतले पाणी बरेचसे गेले. शेवटच्या मिनिटाला आच वाढवून तेल १७५ अंशांपर्यंत न्या. त्याने रंग खुलतो आणि पारीत मुरलेले तेल कमी होते.

तेल सुरुवातीलाच जास्त तापले असेल तर पारीवर फोड येतात, तीन मिनिटांत वडी लाल होते आणि चावल्यावर कच्च्या बेसनाचा वास येतो. अशी वडी ताटात येताच मऊ पडते. तेल गार असेल तर पारी तेल पिते. आच चुकली तर ती मंदाच्या बाजूला चुकावी असे पुष्कळ जण सांगतात, पण १४० अंशांखाली हा सल्ला लागू पडत नाही. तिथे जोडच उघडतात.

एखादी वडी फुटलीच तर लगेच बाहेर काढा. सारण तेलात पसरले की तीळ-खसखस काळी पडून पुढच्या सगळ्या वड्यांना चिकटते. गॅस बंद करून तेल तारेच्या बारीक गाळणीतून गाळा आणि मगच पुढचा घाणा घाला.

काढलेल्या वड्या जाळीवर एका थरात, तिरक्या उभ्या ठेवा. कागदावर आडव्या ठेवून वर दुसरा थर रचला की खालच्या वड्यांची वाफ कोंडते आणि आठ मिनिटांची मेहनत दोन मिनिटांत मऊ पडते. डब्यात झाकून तर मुळीच ठेवू नका.

पाहुणे यायचे असतील तर वड्या आधी १५० अंशांवर ४ ते ५ मिनिटे, पांढरट असतानाच काढाव्यात. गार झाल्यावर फ्रिजमध्ये त्या एक दिवस राहतात. वाढायच्या वेळी १७५ अंशांवर दोन-तीन मिनिटे पुन्हा तळा. एअर फ्रायरमध्ये कच्ची वडी भाजली तर पारी खुसखुशीत न होता टणक होते, ते आम्ही सुचवणार नाही. तळलेली वडी गरम करायला मात्र तो उत्तम: १६० अंश, ५ मिनिटे. मायक्रोवेव्हमध्ये ती हमखास लिबलिबीत होते.

वरची कढी

या कढीचे काम वडीत मुरण्याचे आहे, म्हणून ती रोजच्यापेक्षा पातळ हवी. ३०० ग्रॅम आंबट दही, ९०० मिलिलिटर पाणी आणि दीड मोठा चमचा बेसन गुठळ्या न राहता घुसळा. बेसन आधी थोड्या ताकात कालवले तर गुठळी होत नाही. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरे, मेथीचे आठ-दहा दाणे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, दोन मिरच्या आणि हळद यांची फोडणी करून ताक ओता. मघाशी काढलेल्या कोथिंबिरीच्या दांड्या आल्याबरोबर ठेचून यातच घाला. पहिली उकळी येईपर्यंत एकाच दिशेने हलवत राहा. हलवणे थांबले की दही फाटते, आणि बेसन अजिबात नसेल तर उकळताच फाटते. उकळी आली की आच कमी करून ५ मिनिटे ठेवा, मीठ शेवटी घाला.

खोलगट ताटलीत दोन वड्या, प्रत्येकीचे तीन-चार तुकडे, वर वाटीभर कढी आणि बाजूला तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. कढी अगदी खाण्याच्या वेळी ओता. तीन-चार मिनिटांत पारी कढी शोषते, त्याआधीच्या घासात खुसखुशीत आणि ओले दोन्ही लागते.

नुसती खायची असेल तर ही वडी बाहेर त्याच दिवसापुरतीच धरा. प्रवासाला न्यायची तर सकाळी तळून, पूर्ण गार करून, कागद घातलेल्या सैल झाकणाच्या डब्यात न्या. पुण्याची बाकरवडी टिकते कारण तिचे सारण कोरडे असते. इथे आत ओली कोथिंबीर आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी फ्रिजमधलीच काढून गरम करावी.

शेवटी पीठ उरते किंवा सारण उरते, दोन्ही एकदम संपणे क्वचितच घडते. उरलेल्या पिठाच्या पट्ट्या कापून त्याच तेलात तळा आणि उरलेल्या कढीत सोडा. सारण उरले तर त्याच दिवशी पोळीत भरून तव्यावर तेल सोडून खमंग भाजा. रात्रभर ठेवलेले सारण मिठामुळे सकाळी पाण्यात पोहत असते.